आबांसमोरचं शेवटचं गाणं

मंडळी, सगळ्यांना जयभीम. तुडीलहून आलात, पोलादपूरहून आलात, काहीजण तर मुंबईची कामं टाकून आलात. दाटीवाटीनं बसा, जागा होईल. मी कमल. हे गेले, आणि आज पुण्यानुमोदनाला त्यांच्याबद्दल मीच बोलावं म्हणतात सगळे. अंगणवाडीत पोरांवर ओरडण्यात जन्म गेला माझा, पण असं बोलायची सवय नाही. सांभाळून घ्या.

आधी खरं ते सांगते. रडून झालंय माझं. आणि आता मला हायसं वाटतंय. नवरा गेल्यावर बाई असं बोलते का? बोलते. का, ते ऐका.

आमचे सुदाम गाणारे, हे तुम्हाला ठाऊक. जयंती असो, वर्षावास असो, कोणाचं लग्न असो, ह्यांच्या पेटीवाचून वस्तीचं भागत नव्हतं. स्वतःची गाणी, स्वतःच्या चाली. शब्द कागदावर होते, पण चाल फक्त गळ्यात. आणि रोग झाला तो गळ्यालाच. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननं माणूस वाचेल, आवाजाची खात्री नाही. थोडे दिवस मिळाले मधे. हे म्हणाले, "तेवढ्यात समदी गाणी लॅपटॉपात भरून ठेवतो. मंग काप म्हणावं."

सावित्री नदीच्या पुराला भिऊन आम्ही मोलाचं सगळं वर ठेवतो, तसा ह्यांचा स्टुडिओही वरच्या खोलीत. स्टुडिओ कसला, चौकोनी डबा! माइक, लॅपटॉप, पेटी, आणि समोरच्या भिंतीवर आबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, काचेचा मोठा फोटो. ह्यांना गाणं त्यांनीच शिकवलेलं. आवाज घुमू नये म्हणून ह्यांनी माझ्या गोधड्या भिंतींना ठोकल्या. खिळ्यांनी! रश्मीच्या वेळच्या बाळंतपणातल्या गोधड्या हो! तीन भिंती झाकल्या. चौथीला हात लावला नाही, कारण तिथं आबा. आबांवर गोधडी कोण टाकणार?

गाणं भरलं, ऐकलं. खालच्या पट्टीत नुसतं घूं घूं, आणि वरचा आवाज फडक्यात बांधल्यासारखा. त्या दिवशी हे जेवलेच नाहीत. मला वाटलं, संपलं. आवाजही जाणार आणि मागं हे घूं घूं राहणार.

मग रश्मी आली, आमची मुलगी. मुंबईत डबिंगच्या स्टुडिओत कामाला आहे. हे बसतात तिथं तिनं मोजायचा माइक उभा केला आणि स्पीकरमधून एक आवाज सोडला, अगदी खालून निघून चढत चढत शिट्टीपर्यंत जाणारा. लॅपटॉपवर रेघ उमटली, नुसती वर-खाली. रेघ सपाट हवी म्हणे. हे वाकून बघतात आणि म्हणतात, "हा तर आंबेनळीचा घाट झाला गो!" कितीतरी दिवसांनी हसले.

खालचा सूर कोपऱ्यात साचतो, रश्मी म्हणाली. झालं, आमच्या कापसाच्या गाद्या कोपऱ्यात उभ्या, आणि आम्ही चटईवर! निम्म्या गोधड्या काढल्या, त्या फार झाल्या होत्या. परत मोजलं. घाट बराच उतरला. पण ह्यांचा आवाज समोरच्या काचेवर आपटून माइकात परत येत होता. रश्मी म्हणाली, "पप्पा, आबांचा फोटो काढूया." अहो, भडकलेच! "नाय काढायचा! जन्मभर आबांसमोर गायलो. आता शेवटाला मोकळ्या भिंतीकडं बघून गाऊ?" बाप-लेक तोंड फिरवून बसले. मी दोघांवर ओरडले. दिवस चाललेत आणि रुसता कसले?

रश्मीच उठली. म्हणाली, "आई, आपल्या तुडीलच्या जुन्या घरात फोटो पुढं झुकवून लावतात ना? तसा लावला तर?" मागची दोरी लांब केली, खालची कड खिळ्यांवर टेकवली. आबा पुढं झुकले, आणि काचेवरचा आवाज खाली अंथरलेल्या गोधडीवर गेला. रश्मीनं टाळी वाजवली. टाळी वाजली आणि तिथंच थांबली. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

सगळी गाणी भरली. एकही राहिलं नाही. ऑपरेशन झालं, आवाज गेला. त्यानंतर हे रोज त्या खोलीत बसून स्वतःलाच ऐकायचे. मान डोलवायचे, कधी स्वतःवरच चिडायचे. गेल्या आठवड्यात झोपेतच गेले. त्रास नाही, तळमळ नाही, काही राहून गेलं असंही नाही. म्हणून म्हणते, हायसं वाटतंय.

गाणी रश्मीनं तुमच्या मोबाइलवर पाठवलीत. गा ती, पोरांना शिकवा. माझ्याकडच्या शेवटच्या गाण्यामागं मात्र थोडं जास्तीचं आहे. आवाज भरताना पंखा बंद ठेवावा लागतो. गाणं संपलं, माइक चालूच, आणि हे मला खाली हाक मारतात, "कमल, पंखा लाव गो! उकडून मेलो." बटण ह्यांच्या हाताशी, तरी हाक मला! रश्मी ते कापणार होती. मी कापू दिलं नाही. गाण्यातला आवाज तुम्हा सगळ्यांचा आहे. ही हाक माझी एकटीची, आणि ती माझ्याजवळ आहे.

चला, उभे राहूया. मोबाइल बंद करा, पंखेही बंद करा. थोडं उकडेल, सोसा. आपल्या गाणाऱ्या माणसासाठी घटकाभर गप्प राहूया.