भांडणं बंद झालेली गल्ली

डोळ्यांत थेंब घालून नर्सनं शिंपीणबाईंना डोळे मिटून बसायला सांगितलं होतं. शेजारच्या बाकावर एक वयस्क बाई आणि एक तरुण बोलत होते.

"मॅडम, दंगल होणार हे आधी कसं ओळखायचं?"

"जिथे जिथे झाली, तिथल्या लोकांना आपण विचारलंय. आधी आरडाओरडा नव्हताच म्हणतात. उलट रोजची भांडणं बंद झाली होती."

"ते तर चांगलंच ना?"

"ज्याच्या शेजारी राहायचं असतं, त्याच्याशीच माणूस भांडतो रे. राहायचंच नसेल तर कशाला तोंड वाजवेल?"

"मग आपण काय करायचं?"

"दोन्हीकडच्यांना बोलतं ठेवायचं. वेळेत पोचलो, तिथे टळलंय."

"आणि उद्या कुठे?"

"गिरणीमागच्या गल्लीत. फार शांत झालीय म्हणे."

शिंपीणबाई त्याच गल्लीत राहत होत्या. त्यांनी चाचपडत फोन काढला आणि नर्सकडून शेजारणीला लावून घेतला.

"काय गं, तुझं सांडपाणी परत माझ्या दारात. कितीदा सांगायचं?"

एरवी शेजारीण एकाला चार ऐकवायची. आज मात्र तिनं आवाजही चढवला नाही.

"चुकलंच हो ताई."

"अगं, भांड ना माझ्याशी."

"आता कशाला, ताई?" ती मायेनं म्हणाली. "आजची रात्र तुम्ही लेकीकडेच काढा. घरी येऊ नका."

शिंपीणबाईंनी मिटल्या डोळ्यांनीच शेजारच्या बाकाकडे हात पुढे केला.

"मॅडम, उद्या नको. आत्ताच चला."