गोधडीचा चौथा कोपरा

(ठाण्यात नौपाड्यातला एक हॉल. घरगुती हस्तकलेचं प्रदर्शन. चैत्रातला रविवार, दुपारचे तीन.)

पायल: आजी, मागे हो जरा. तुझ्या पदरावर पण एक चढलीय.

शालन: चढू दे. मुंगीच हाय, वाघ न्हाई. प्रदर्शनाच्या त्या मॅडम काय म्हणाल्या ते सांग आधी.

पायल: चार वाजता पाहुणे येणार. तोपर्यंत मुंग्या गेल्या तर ठीक, नाहीतर गोधडी उतरवून मागच्या खोलीत. बाजूच्या काकूंच्या कापडी पर्सवर पण गेल्यात ना, त्या जाम भडकल्यात.

शालन: ह्या समोरच्या भितीवरनं उतरवायची?

पायल: हो ना यार. हॉलमध्ये शिरल्या शिरल्या जी दिसते, तीच नेमकी.

भगवान: मी नीट निरीक्षण केलंय. रांग खिडकीतून येते, भिंतीवरून चढते आणि थेट गोधडीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात शिरते. मध्ये कुठेही थांबत नाही.

शालन: चौथा कोपरा त्यो. घास हाय तिथं.

भगवान: तेच म्हणतोय मी. बेचाळीस वर्षं सांगतोय, शालन, गोधडी ही निर्जीव वस्तू आहे. तिला भूक लागत नाही. शेवटच्या कोपऱ्यात भाकरी शिवून ठेवायची, ही कुठली पद्धत? मुंग्या येणारच.

शालन: आजवर आल्या का? घरात सहा गोधड्या हायत. पेटीतल्या धरून आठ. दावा एक मुंगी. ज्वारीची भाकरी करकरीत वाळवून घालते मी. तिला मुंगी ढुंकून बघत न्हाई.

भगवान: मग या काय फिरायला आल्यात?

शालन: मला काय ठावं? पायल, शिवताना काय खात होतीस का गं?

पायल: काहीच नाही! तू हात धुतल्याशिवाय सुईला हात लावू देतेस कुठे? सुईत दोरा ओवायला पण साबण लावून यायचे मी.

भगवान: मी काय म्हणतो, खिडकी बंद करू. बाहेरून रसदच बंद.

पायल: केली आबा. फटीतून येतायत.

भगवान: मग थोडी हळद टाकू खाली.

शालन: हळद? त्या कोपऱ्याला पांढरं लुगडं लागलंय. आत्याबाईंचं. तुमच्या आईनं मागल्या चौदा एप्रिलला, जयंतीला नेसलेलं. त्याच्यावर हळद टाकताय?

भगवान: बरं, राहिलं.

पायल: हे बघा, सिम्पल आहे. सुई-दोरा माझ्या पर्समध्ये आहे. कोपऱ्याचे चार टाके उसवू, आत काय आहे ते काढू, झटकू, परत शिवू. पाच मिनिटं.

शालन: उसवायची न्हाई.

पायल: आजी!

शालन: एकदा घास देऊन तोंड शिवलं की उसवायचं नसतं. उतरवा म्हणाव. घरी घेऊन जाऊ. मला काय भितीवर लावायची हौस न्हाई.

पायल: मला आहे! पाच रविवार, आजी. होळीच्या आधीपासून दर रविवारी आपण फिरलेलो. डोंबिवलीला आत्याकडे, कल्याणला मावशीकडे, अंबरनाथला, टिटवाळ्याला. सुट्टीच्या दिवशी लोक रिसॉर्टला जातात, आपण चिंध्या मागायला जायचो. आणि आता ते सगळे येतायत. आईने ग्रुपवर टाकलेलं, चार वाजता या म्हणून. टिटवाळ्याची मामी तर गुडघ्याला पट्टा बांधून येतेय, तिच्या लग्नातल्या साडीचा तुकडा बघायला. तिला काय दाखवू? रिकामी भिंत?

शालन: माणसं कळती-समजती हायत. सांगू त्यांना.

पायल: आणि ते कार्ड?

भगवान: कार्ड फार चांगलं झालंय. ‘शालन भगवान साळवे, शहाड. हाताने शिवलेली गोधडी.’ नाव जाड अक्षरात घेतलंय. योग्य केलं.

शालन: किती येळा वाचताल? सकाळपासनं पाचवी येळ.

भगवान: माझा चष्मा, माझे डोळे. तुझं काय जातं?

पायल: आबा, वाचता तर खालची ओळ पण वाचा ना.

भगवान: ‘साहित्य: सुती कापड, दोरा.’

पायल: मी भाकरीचं पण लिहिलेलं. तुम्ही खोडायला लावलंत.

भगवान: लावलं, आणि बरोबर लावलं. इथे शिकलेली माणसं येतात, पायल. तुझ्या आजीचं नाव पहिल्यांदा कुठेतरी भिंतीवर लागतंय, आणि त्याच्याखाली काय लिहायचं? गोधडीला जेवू घातलं? म्हणतील, बघा, यांचं अजून हेच चाललंय. वर्कशॉपमध्ये पस्तीस वर्षं काढली मी. कुणी आपल्याकडे बोट दाखवील असं एक काम केलं नाही.

शालन: बोट दाखवायला ते काय देवाचं हाय? भुताचं हाय?

भगवान: मग कशाचं आहे?

शालन: इचारताय? खरंच इचारताय का भाषणाच्या आधीचं इचारताय?

पायल: मी विचारते. सांग आजी. मला पण कधी सांगितलं नाहीस. नुसतं ‘घालायचा असतो’ म्हणतेस.

शालन: माझ्या आईची एक गोधडी होती. बहात्तरच्या दुष्काळातली. मी आठ वर्सांची असंन. आईनं तीन कोपरे शिवले आन् चौथा उघडा ठिवला.

पायल: का?

शालन: घासच नव्हता. आई-बाप दोघं खडी फोडायला जायचे. जे शिजायचं ते आम्हा पाच लेकरांत संपायचं. गोधडीला द्यायला कोर उरायची न्हाई. शेजारीण म्हणली, चार दाणे घाल न् शिवून टाक. आई म्हणली, दाणे असते तर लेकरांना शिजवले नसते का? उपाशी ठिवून तोंड शिवायचं न्हाई.

पायल: मग?

शालन: मग काय. दोन वर्सं तशीच पांघरली. त्या कोपऱ्यातून वारं शिरायचं. तिकडं कोण झोपणार म्हणून आम्ही भावंडं भांडायचो. मग एका सुगीला ज्वारी आली. समदे पोटभर जेवलो आन् टोपल्यात एक भाकरी उरली. उरली, बरं का. आईनं ती हातात घेतली न् उगंच बघत बसली. बाप म्हणला, काय झालं? आईनं सुई घेतली. कोर मोडली, कोपऱ्यात घातली, शिवला कोपरा. मग मला म्हणली, शालू, आता आपल्या घरात कुणी उपाशी न्हाई.

पायल: आजी...

शालन: एवढंच हाय ते. घरातलं समदं माणूस जेवल्याबिगर मी गोधडीचं तोंड मिटवत न्हाई. आमच्या घरात उरतं, हे सांगणं हाय ते. ज्याला हसायचं त्यानं हसावं.

भगवान: हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

शालन: लग्नानंतरच्या पयल्या गोधडीलाच तुम्ही अर्धा तास भाषण केलं. मी ऐकून घेतलं आन् तुम्ही ड्युटीला गेल्यावर घास घातला. तवापासनं तसंच चाललंय.

भगवान: पायल, कात्री दे.

शालन: आत्ता काय बोलले मी?

भगवान: तुझा घास काढायला नाही मागत.

शालन: मग?

भगवान: माझा काढायला.

पायल: तुमचा? आबा, तुमचा कसला घास?

भगवान: शुक्रवारी दुपारी ही कोपऱ्यात भाकरी ठेवून गच्चीवर कुरडया परतायला गेली होती. शेवटचे टाके राहिले होते. गोधडी दिवाणावर पसरलेली होती, आणि घरात कुणी नव्हतं.

पायल: मग?

भगवान: मग मी त्यात एक पेढा ठेवला.

पायल: काय!

भगवान: ओरडू नकोस. लोक बघतायत.

पायल: आबा, तुम्ही? वैज्ञानिक दृष्टिकोन कुठे गेलेला तुमचा?

भगवान: होता तिथेच होता. म्हणून तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवला.

पायल: गाठ मारलेली?

भगवान: गाठ मारली असती तर वरून उंचवटा दिसला असता. तिचं काम इतकं सपाट असतं. ते बिघडवायचं का?

पायल: ऐकलंस का, आजी?

शालन: कुठला पेढा?

भगवान: गुरुवारी कार्ड मोबाइलवर आलं तेव्हा कल्याणहून आणले होते, त्यातला.

शालन: आख्ख्या बिल्डिंगीत वाटलेत ते.

भगवान: हो.

शालन: शेवटचा एक उरलेला. मी मागितला तर मला म्हणलात, पाणीवाल्याला दिला.

भगवान: खोटं बोललो.

शालन: का घातला पण?

भगवान: आता का म्हणजे... इतकी वर्षं तू भाकरी घालतेस, मला दिसत नाही असं वाटतं तुला? दिसतं. या वेळी ती आपल्या दिवाणावर राहणार नव्हती. ठाण्याला येणार, भिंतीवर लागणार, खाली तुझं नाव लागणार. म्हटलं, एवढ्या मोठ्या दिवशी कोरड्या भाकरीवर कशी पाठवायची? मला अभिमान वाटत होता, शालन. तो कुठे ठेवायचा ते सुचलं नाही.

शालन: पायल, खाली उतरव गोधडी. माझा चष्मा दे. उसव कोपरा.

पायल: पण तू तर म्हणालीस...

शालन: पेढा काढायचा म्हणल्यावर इलाज काय? हळू. दोरा तोडू नको, ओढून काढ. व्हय, आसं.

पायल: ई! प्लास्टिक काळं झालंय मुंग्यांनी. आबा, धरा हे, बाहेर नेऊन टाका. आणि ही बघ तुझी भाकरी. आजी, एक पण मुंगी नाही हिला.

शालन: सांगितलेलं ना. ती तशीच राहू दे आत. झटक चांगलं. माझा पदर घे पुसायला.

पायल: झालं. साडेतीन झालेत. दे सुई, पटकन मिटवते.

शालन: थांब. तोंड उघडलं म्हणजी परत घास लागंल. डबा काढ. भाकरी-पिठलं आणलंय मी. तू जेवलीस का?

पायल: नाही, पण त्याचं आता काय?

शालन: आन् हे?

पायल: आबा पण नाही जेवले. सकाळपासून कार्ड वाचतायत.

शालन: मग तोंड कसं मिटवणार? मी जेवूनच निघाले, तुम्ही दोघं उपाशी न् हिला घास? काढा डबा. ये हिकडं, गोधडीच्या आडोशाला.

पायल: आजी, अर्धा तास राहिलाय! मॅडम येतील!

शालन: येऊ देत. त्यांना बी देऊ. बसा हो तुम्ही. हात धुतले?

भगवान: धुतले.

शालन: साबणानं?

भगवान: साबणाने.

पायल: मी उभ्यानेच खाते. झालं बघ, एक भाकरी संपली.

शालन: तुझं एका भाकरीत भागतं? आजून अर्धी घे. खोटं पोट भरलेलं चालत न्हाई.

पायल: घेतली. आबा, चावा ना पटपट, नंतर चिंतन करा.

भगवान: पिठलं छान झालंय.

शालन: आता सुचलं. झालं दोघांचं? पोट भरलं?

पायल: भरलं गं बाई, शपथ.

भगवान: भरलं. आणि डब्यात एक उरली आहे.

शालन: हां. मोडा कोर.

भगवान: मी?

शालन: मग कोण? चोरून घालायला जमतं, उघड घालायला लाज वाटती? नखाएवढीच घ्या. पिठलं लागलेली नको, मधली कोरडी. ठेवा आत. बोटानं सारा थोडी.

भगवान: ठेवली. आता?

शालन: आता काय, आता ती जेवली. पायल, घाल टाके. बारीक घाल, मघाच्यासारखेच.

पायल: घालतेय. आबा, वरचं टोक धरा, झोळ येतोय. हां. शेवटचा टाका. आजी, गाठ तू मार. माझी सैल बसते.

शालन: दे. ही बसली गाठ. लावा आता भितीवर. सरळ लावा, आत्याबाईंचं लुगडं खाली.

पायल: लागली! दहा मिनिटं आहेत अजून. अरे, आत्याचा आवाज खालून येतोय. मामीला जिना चढवतायत वाटतं. मी जाते आणायला.

भगवान: पायल, थांब. तुझं पेन देऊन जा.

पायल: कशाला?

भगवान: दे तर खरं.

शालन: अहो, छापील कार्डावर काय गिरगिटताय? शिकलेली माणसं येतात म्हणाला ना?

भगवान: येऊ देत. वाचतील. शिकलेली आहेत म्हणजे वाचता येत असेलच.

पायल: आबा, काय लिहिलंत?

भगवान: ‘शालन भगवान साळवे, शहाड. हाताने शिवलेली गोधडी. साहित्य: सुती कापड, दोरा आणि ज्वारीची भाकरी. घरातले सगळे जेवल्यावर उरलेली.’

शालन: वाचा की परत एकदा.