तातोबांच्या डायरीवरचं कुंकू

या मंडळी, पुढे सरका! खांबाला टेकलेल्यांनी जरा डोळे उघडे ठेवा — झोपायला घर आहे, इथं आलात तर ऐका! आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. भक्ती कमी पडली की देव दुरावतो, हे आम्ही तुम्हाला रोज सांगतो. पण भक्ती जास्त झाली तर? भक्तीच आड आली, असं कधी होतं का? — काय हो सरपंच, मान हलवता! 'नाही' म्हणता? बरं. मग तातोबांची गोष्ट ऐका, आणि मग हलवा मान.

तातोबा वायदंडे! वाळव्याकडचे बँडमास्तर. काय त्यांचं कॉर्नेट, ती आखूड पितळी तुतारी, वाजायची! नवरदेवाची घोडी ताल धरायची! आणि माणूस शब्दाचा पक्का. दिलेली तारीख चुकली असं आयुष्यात झालं नाही. आता इतक्या तारखा लक्षात कशा राहायच्या? तर त्यांच्याकडे एक जुनी डिजिटल डायरी होती. तळहाताएवढी! कुठलं गाव, कुणाचं दार, कोणता मुहूर्त — सगळं त्यात. घरी संगणक, संगणकाला जोडलेलं डायरीचं स्टँड. डायरी स्टँडवर बसवायची, बटण दाबायचं — टुणुक्! यातलं त्यात, त्यातलं यात! त्यांची सून रोहिणी याला 'सिंक' म्हणते. आपण म्हणू, दोघांची गुजगोष्ट.

आणि मंडळी, संकट काय एकटं येतं? दसऱ्याच्या मिरवणुकीत डायरी खिशातून पडली. पडदा काळाठिक्कर! आत सगळं शाबूत, पण दिसत काही नाही. तातोबा म्हणाले, "असूंदे, संगणकात हाय की!" आणि त्याच आठवड्यात संगणकात व्हायरस शिरला! दुरुस्तीवाला बऱ्याच हेलपाट्यांनी आला, त्यानं सगळं पुसलं, सगळं नव्यानं भरलं. संगणक झाला कोरा करकरीत! म्हणजे घरात दोघं — एक आंधळं, एक विसराळू. आणि दिवाळी उरकलेली, तुळशीचं लग्न तोंडावर, मागोमाग सगळा हंगाम!

कुणी म्हणेल, महाराज, लोकांना फोन करून विचारायचं! — अहो, नंबरही डायरीतच! त्यात डायरीचे सेल उतरत आलेले. सारखी आपली टूं टूं, टूं टूं! सेल बदलावेत, तर यंत्र म्हातारं. सेल काढले की आतलं सगळं गेलं!

रोहिणीनं डायरीचा प्रोग्राम संगणकात पुन्हा घातला. स्टँड जोडलं. डायरी बसवली. बटण दाबलं — गप्प! वायर काढली, पुन्हा लावली — गप्प! तातोबांनी मारुतीला नारळ बोलला. गप्प! मग तोरण बोललं. मारुती म्हणाला असेल, बाबा रे, डोंगर उचल म्हण, उचलतो; यातलं मला कळत नाही!

तातोबा मटकन खाली बसले. म्हणाले, "रोहिणी, कुणाच्या पोरीच्या दारात मांडव पडंल आन् बँड येणार न्हाय. ती पोरगी जलमभर म्हणंल, माझ्या लग्नात वाजलं न्हाय. मी कुठं तोंड दावू गं?" आणि डोळ्यांत पाणी आलं हो त्यांच्या!

रोहिणीनं स्टँड उचलून उजेडात धरलं. आत वाकून बघते तर काय — लाल! "मामा, ह्यात कुकू साचलंय!"

आता उजेड पडला ना डोक्यात? खंडेनवमी! तातोबांनी सगळी वाद्यं मांडली, डायरी-संगणकही मांडला आणि मनापासून पूजा केली. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, वर पळीभर पाणी! आणि स्टँडातल्या त्या पिवळ्या धातूच्या टिकल्या, जिथं डायरी टेकते, तिथं कुंकवाचा लेप बसून वाळून टणक झाला. पूजा झाली फक्कड, आणि गाठभेट झाली बंद!

रोहिणी फडकं घेऊन आली, तर तातोबा कडाडले, "खबरदार! कुकू पुसतीयास? शुभाचं हाय ते!" झालं! एकीकडे टूं टूं, एकीकडे कुंकू. पुसावं तर अशुभ, न पुसावं तर हंगाम बुडाला! सांगा मंडळी, तुम्ही काय केलं असतं? — बघा, आता कुणी मान हलवत नाही!

तेवढ्यात त्यांची बायको अनुसया चुलीपुढून उठून आली. "आवं, ऐकलंसा का? खंडेनवमीला कारनेटालाबी कुकू लावता न्हवं?"

"लावतो की!"

"मग दसऱ्याला वाजवायच्या आदी त्येचं तोंड कोण धुतं?"

"मीच. न्हायतर फुकायचं कसं? आवाज कसा निघंल?"

"तवा देव कोपला व्हय?"

बघा मंडळी! बँडमास्तर ते, पण सूर लागला अनुसयेचा!

तातोबा उठले. कॉर्नेटाचं तोंड घासायचा बारका ब्रश आणला. स्टँडला हात जोडले, आणि एकेक टिकली स्वतः घासली. खाली पडलेलं कुंकू चिमटीत धरलं. टाकायचं कुठं? — अनुसयेच्या कपाळाला लावलं! सुनेसमोर! म्हातारी अशी लाजली म्हणता!

डायरी बसवली. रोहिणी म्हणाली, "मामा, जरा थांबा. आदी संगणकाला डायरीचं खरं मानायला सांगते. कोऱ्याचं खरं मानलं तर भरल्यालंबी पुसून जातंय." — मंडळी, असे कोरे करकरीत लोक आपल्यातही आहेत बरं! येतात रिकामे आणि भरलेल्यालाच शिकवतात! — तिनं निवडलं, तातोबांनी बटण दाबलं.

टुणुक्!

तारखा आल्या! गावं आली, मुहूर्त आले! आणि सगळ्यांत वर काय? भिलवडीचा साखरपुडा. कधी? — आज! संध्याकाळी! तातोबा एका पायात चप्पल घालून पळाले हो! वाजवणाऱ्यांना हाका मारत, कॉर्नेट काखेत! आणि भिलवडीत नवरी पाटावर बसायला आणि गल्लीच्या तोंडाशी बँड वाजायला एकच गाठ पडली. पोरगी पाटावरनं उठून खिडकीशी धावली म्हणतात!

आता सरपंच, बोला! भक्ती आड आली की नाही? अहो, पूजा खोटी नव्हती, कुंकू खोटं नव्हतं. पण कालची पूजा आज निर्माल्य असते! ते काढल्याशिवाय आजची पूजा कुठं मांडाल? देव्हाऱ्यातली फुलं तुम्ही रोज काढता. पण मनातली? 'मी इतके उपास केले', 'मी कळसाला वर्गणी दिली', 'वीस वर्षं पहिल्या रांगेत मीच बसतो' — अरे, केलंस ते चांगलंच केलंस! पण ते तिथंच थापून बसलंय, जिथं देवानं टेकायचं! मग म्हणता, महाराज, नाम घेतो पण आत काही वाजत नाही. वाजेल कसं?

आणि मी तरी कोण मोठा? कीर्तनाला उभा राहिलो तेव्हा तुम्ही हा हार घातलात. केवढा जड, केवढा सुवासिक! मघापासून मलाही वाटतंय, काय रंगतंय आज माझं कीर्तन! — धरा हो विणेकरीबुवा, हा घ्या, काढला गळ्यातून.

आता तुमचं बोला. पहिल्या रांगेपासून सुरुवात करू!