पन्नाशीत पाण्यात उतरलेली पारूआक्का

सरपंच आप्पा, गुरुजी, गावातली थोर मंडळी, आणि मागे भिंतीला टेकून बसलेल्या माझ्या आयाबायांनो,

काल पारूआक्काचं तेरावं झालं आणि आज तुम्ही सगळे कामं टाकून शाळेच्या पटांगणात आलात. गुरुजी मला म्हणाले, सुशीलाबाई, तुम्ही धाकट्या जाऊ, तुम्ही दोन शब्द बोला. मी म्हटलं बोलते, बालवाडीत रोज बोलतेच की. पण तिथं समोर चार वर्षांची पोरं असतात आणि ती आपापल्या नाकात गुंतलेली असतात. इथं अख्खं गाव बसलंय. त्यात पहिल्या रांगेत थोरले भावजी, आक्काचे मालक. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी भावजींसमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही. जेवण वाढलंय हे सुद्धा पोरांकडून सांगितलं. आज त्यांच्या पुढ्यात टेबलाला धरून उभी आहे.  

मला चांगलं बोलता येणार नाही. आक्का प्रेमळ होती, देवमाणूस होती, असं म्हणायची रीत आहे. पण आक्का काही देवमाणूस नव्हती. तिची जीभ म्हणजे लवंगी मिरची. माझ्या भाकरीला ती पंधरा वर्षं नावं ठेवत आली. 'सुशे, ही भाकर हाय का भावकीतल्या वाटणीचा नकाशा?' असं म्हणायची, आणि तीच भाकरी मागून खायची. तेव्हा मी गोड गोड बोलणार नाही. आज मला भीतीबद्दल बोलायचंय. कारण गेल्या पावसाळ्यापासून आपल्या वस्तीवर भीतीच राहायला आली आहे.

मंदाचं नाव घेते. भावजी, दत्तू, माफ करा, पण तिचं नाव घेतल्याशिवाय आक्काबद्दल बोलताच येत नाही.

मंदा म्हणजे आक्काची सून, दत्तूची बायको. दुष्काळात सासूसुना जोडीनं खडी फोडायला जायच्या. त्याच वर्षी आमच्या मळ्यातली विहीर आटली, म्हणून सुरुंग लावून ती खोल केली. तळाशी जेमतेम झरा होता. आम्ही बाया पायऱ्या उतरून अगदी खाली जायचो आणि वाटीनं घागर भरायचो. तुम्ही सगळ्याजणी होता. विहिरीचा तळ आपल्याला घरच्या ओसरीसारखा पाठ झाला होता. मग पाऊस आला. चांगला आला. विहीर वरपर्यंत भरली, आपण नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, आनंद झाला. पण खाली किती खोली झालीय, हे कुणाच्या मनात आलं नाही. पायऱ्यांना शेवाळ धरलं होतं. मंदा कळशी घेऊन उतरली आणि तिचा पाय सटकला.

आम्ही काठावर होतो. मी होते, शेजारच्या बाया होत्या, आक्का होती. पोरगी पहिल्यांदा वर आली तेव्हा तिनं आमच्याकडं बघितलं. आम्ही पोहऱ्याचा दोर टाकला. तिच्या हाताला तो लागलाच नाही. पुन्हा टाकला. आम्ही ओरडलो. गडीमाणसं लांब रानात होती. त्यांना बोलवायला एकजण धावली. ती धावत होती आणि आम्ही बघत होतो.

आक्का उडी मारायला निघाली. मी आणि दुसऱ्या एकीनं तिला लुगड्याला धरून मागं ओढलं. तिनं माझा चावा घेतला. ही बघा, मनगटावर खूण आहे. मी सोडलं नाही. दत्तू आला, उडी मारली, मंदाला बाहेर काढलं. तोवर उशीर झाला होता.

बायांनो, तुम्हाला खरं सांगू? तेव्हापासून घागर पाण्यात बुडताना जो बुडबुड आवाज होतो ना, तो मला ऐकवत नाही. घरी मी घागर ओतताना सुद्धा तोंड फिरवते. तुमच्यातल्या कितीजणी विहिरीवर दुसरीकडं बघत दोर ओढतात, हे मला दिसतं. आपण एकमेकींना हे सांगितलं नाही, इतकंच.

महिनाभर आक्का माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, मी तिला धरलं म्हणून तिचा राग आहे. मग एकदा गोवऱ्या थापताना ती आपणहून म्हणाली, 'सुशे, तू मला धरलंस ते बरं केलंस. मी बी गेले आसते. दत्तूला दोन मढी काढावी लागली आसती.' मी रडायला लागले. तर म्हणाली, 'रडू नगं. मला एक सांग. उडी मारून म्होरं काय करायचं, हे मला कुनी धाकटेपनी का शिकवलं न्हाई?'

आता याचं उत्तर तुम्ही द्या. आपल्याकडं पोरगं सहा-सात वर्षांचं झालं की बाप नाहीतर चुलता त्याच्या कमरेला वाळका भोपळा बांधतो आणि देतो विहिरीत ढकलून. पोरगं बोंबलतं, पाणी पितं, काठावरचे हसतात. उन्हाळा संपेस्तोवर ते बेडकासारखं पोहायला लागतं. आणि पोरीला आपण काय सांगतो? वाकू नको, आत पडशील. बस्स, एवढंच शिक्षण. पाणी कोण शेंदतं? पोरगी. धुणं कोण धुतं? पोरगी. शेवाळाच्या पायरीवर रोज कोण उभं राहतं? आणि पोहायला कोण शिकतं? बोला की. आप्पा, तुम्ही पोहता. गुरुजी, तुम्हीही पोहता. आमचे हे तर काठावरून सुळकी मारतात. या पटांगणात बसलेल्या किती बायांना पोहता येतं? बघा, एकही हात वर नाही.

दिवाळी झाल्यावर आक्कानं दत्तूला सांगितलं, मला शिकव. त्या पोराचं तोंड काय झालं असेल! ज्या पाण्यातून बायकोला काढलं त्याच पाण्यात आईला उतरवायचं. तो नाही म्हणाला. आक्का म्हणाली, 'तू शिकीव, न्हाईतर मी एकटी उतरते.' मग काय करतो बिचारा. भर दुपारी, वस्तीवर कुणी नसताना, तिनं लुगड्याचा काष्टा घट्ट मारला, भोपळा बांधला आणि रामराम करत पायरी उतरली. मी काठावर पहाऱ्याला. दत्तू पाण्यातून ओरडत होता, 'आई, पान्याला लाथ मार! जोरात लाथ मार!' तर ही म्हणते, 'आरं, जलमभर ह्या पान्याच्या पाया पडले, आन् आता लाथ मार म्हनतूस व्हय?' मंदा गेल्यानंतर दत्तू त्या दिवशी पहिल्यांदा हसला. मी पाहिलंय.

ती शिकली. पन्नाशीत शिकली. काही फार सुंदर पोहायची नाही, म्हैस डुंबल्यागत पोहायची, पण या काठावरून त्या काठाला जायची. आणि मग तिनं पोरी गोळा करायला सुरुवात केली. पहिली माझी कुसुम. मी नको म्हणत होते. आक्का म्हणाली, 'तुझी भीती तुझ्यापाशी ठेव. पोरीच्या पदरात घालू नगं.'

तेव्हा गावात काय काय बोललं गेलं, ते मला आठवतं आणि तुम्हालाही आठवत असेल. पोरीच्या जातीला पोहणं कशाला, उद्या पदरात कोण घेईल. कुणी म्हणालं, विहिरीत आसरा आहेत, पाण्यातल्या देवता, त्यांनी मंदाला नेलं, आता दुसरी मागतील. आसरांचं नाव निघालं की माझ्याही अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू. पण आक्का म्हणाली, 'आसरा बी बायकाच हायेत ना? त्या पान्यात ऱ्हात्यात. म्हंजी त्यास्नी पवता येतंय. मंग आपल्या पोरींनी शिकलं तर त्या कशापायी रागावतील?' 

हळूहळू शिकणाऱ्या पोरी वाढल्या. मागच्या दोन-तीन रांगांत बसल्यात त्या. आज आक्काला निरोप द्यायला डोक्याला तेल लावून, वेण्या घालून आल्यात.

आणि मग होळीच्या आधी आक्काला ताप भरला. छाती भरून आली. दत्तूनं बैलगाडीतून सडकेपर्यंत नेलं, तिथून एसटीनं नगरला. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया आहे, फार उशिरा आणलंत.

आता गावात कुजबुज आहे. माझ्या कानावर येते. पाण्यानंच बाधलं. म्हातारपणी विहिरीत उतरली, भोगलं. सुनेपाठोपाठ सासूही नेली. मी काही डॉक्टर नाही. पाण्यानं बाधलं असेल, नसेलही. त्या पंधरवड्यात वस्तीवर निम्मी माणसं खोकत होती, ती काही विहिरीत उतरली नव्हती. पण उशीर का झाला, ते मला माहीत आहे. ते मी कुणाला सांगितलेलं नाही. भावजींनाही नाही. आज सांगते.

दवाखान्यात मी तिच्या उशाशी होते. मी चिडून विचारलं, आक्का, इतके दिवस अंगात ताप आणि तू बोलली का नाहीस? तिला दम लागत होता. थांबत थांबत म्हणाली, 'बोलले आसते तर तुमी समदे काय म्हनला आसता? पान्यानं बाधलं. मंग एक तरी पोर आली आसती का?'

ऐकलंत? ती पाण्याला भ्याली नाही. ती आपल्याला भ्याली. आपल्या तोंडाला भ्याली. ताप पदराखाली झाकून ती रोज काठावर बसत होती आणि 'पाय लांब मार गं' म्हणून पोरींवर ओरडत होती. मी शेजारी होते, मलाही वाटलं साधा खोकला आहे. मला राग येतो. तिचाही येतो. एवढी जहाल जिभेची बाई, सगळ्या गावाला सुनावणारी, आणि एवढं एक वाक्य बोलायला भ्यावी?

त्याच दिवशी तिनं मला विचारलं, 'तू कदी उतरनार?' मी म्हटलं, आक्का, मला भीती वाटते. माझ्याच्यानं होणार नाही. तर म्हणाली, 'मला काय वाटत न्हाई व्हय? रोज वाटती. पयल्या पायरीवर दात वाजत्यात माझं. मला वाटायचं, आदी भ्या जातंय आन् मंग मानूस उतरतंय. तसं काय नसतंय गं. भ्यायचं आन् उतरायचं. हे मला पन्नाशीत कळलं. धाकटेपनी कळलं आसतं तर माझी मंदा...'  

भावजी, आता तुमच्याशी बोलते. पदर डोक्यावर आहे, पण बोलणार आहे.

आक्काला पोचवून आल्यावर दुसऱ्याच सकाळी तुम्ही बाभळीच्या फांद्या तोडल्या आणि विहिरीच्या पायऱ्यांवर पसरल्या. पोरी आल्या आणि परत गेल्या. तुमच्या तळहातात काटे मोडलेत, ते तुम्ही अजून काढले नाहीत. मला ठाऊक आहे, तुम्ही रागानं नाही टाकल्या फांद्या. भीतीनं टाकल्या. सून गेली, बायको गेली, आता पुतणीचं काही झालं तर? मीही आई आहे तिची. मलाही त्या फांद्या बघून आधी हायसंच वाटलं होतं. म्हटलं, सुटले.

पण भावजी, कुसुम आज ना उद्या सासरी जाईल. तिथंही विहीर असेल. तिथंही शेवाळ असेल. तिथल्या पायऱ्यांवर फांद्या टाकायला तुम्ही असाल का? मी असेन का? मंदासुद्धा कुणाची तरी लेक होती. तिच्याही बापानं तिला जपलंच असेल.

म्हणून मी उद्या उन्हं वर आली की त्या फांद्या काढणार आहे. चोरून नाही, तुम्हाला सगळ्यांसमोर सांगून. आणि पोरींच्या आधी मी उतरणार आहे. मला पोहता येत नाही. मी आजवर गुडघ्याच्या वर पाण्यात गेलेली नाही. दत्तू पाण्यात असेल, आमचे हे काठावर असतील. त्यांना हे आत्ताच कळतंय, त्यांचं तोंड बघा. हसा, हसा. मला मात्र हसू येत नाही.  उद्या पायरीवर काय होईल, देव जाणे. कदाचित मी ओरडेन. पोरींसमोर माझी शोभा होईल. होऊ दे.

आता आपण आक्कासाठी आणि मंदासाठी उभं राहून शांत राहायचं आहे. झालं की गुरुजी 'बसा' म्हणतील. ज्यांची लेक उद्या विहिरीवर येणार असेल, त्यांनी तेव्हा बसू नका. उभंच राहा. ज्यांना बसायचं असेल त्यांनी खुशाल बसा, माझा राग नाही, मला त्यांची भीती कळते. आणि कुणीच उभं राहिलं नाही तर? खरं सांगते, मला आत्ता त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते. तरीही मी उभी असेन.

पारूआक्का, तुझी धाकटी जाऊ पदर पसरून तुझ्या पाया पडते.

उठा सगळे. दत्तू, तुझ्या वडिलांना हात दे.