पहिला पेला

मोंतेविदेओत भाड्याच्या गाडीसाठी रोमिना रांगेत उभी होती. पुढे एक म्हातारं जोडपं होतं.

"किनाऱ्याकिनाऱ्याने रोचापर्यंत जाऊ, मिर्ता."

"जाऊ. पण गाडी मी चालवणार."

"मग वाटेत येर्बाच्या कडू चहाचे पेले कोण भरून देणार?"

"तू."

"चाळीस वर्षांत थर्मासला हात लावला नाही मी."

"आणि मागच्या खेपेला तुला गाय दिसली नाही."

"काळी होती."

"भर दुपार होती, रुबेन."

खिडकीतल्या मुलीने विचारलं, "चालकाचं नाव?"

रुबेनने बायकोच्या काखेतला थर्मास काढून आपल्या काखेत धरला.

"मिर्ता लिहा."

"पहिला कडूजहर पेला भरणाऱ्यानेच प्यायचा, बरं का."

"चाळीस वर्षं तूच प्यायलीस. बोलली नाहीस कधी."

"तू रस्त्याकडे बघत होतास ना."