बिनदाराचं घर

न्हाई, न्हाई, सोपानराव, हे कार्ड बाद. बाद म्हंजी बाद. तुमी तिसगावाहून राजदूत फटफटी हानत आलात, माज्या बायकूचे थोरले भाऊ, मान मोठा — चहा घ्या, भेळ मागवतो — पन तुमच्या बहिनीनं पाठवलेलं हे कार्ड मी खेळात घेनार न्हाई. दाजी दाजी करून काय हुनार हाय? बघितलं ना! उजेडात धरून बघितलं. अहो, कितीक वर्सं झाली मी हा 'अंधारगड' खेळ बनवतोय. वेताळ, हडळ, मुंजा, खवीस, सगळी कार्डं माज्या हातची, चित्रं मी काढलेली, नगरला जाऊन छापून आनलेली. शनवारी मुंबई-पुन्याच्या गाड्या लागल्या की पोरं आधी इथं पळत येत्यात. आईबाप देवाला तेलाची बाटली अन् रुईची माळ घेस्तवर पोरांनी पाकीट फोडलेलं असतं. अन् तुमची बहीन काय करती, तर माहेरी बसून पुठ्ठ्यावर स्केचपेननं कार्ड काढून धाडती. काय तर म्हनं, नवं कार्ड.

कार्ड काढनं सोपं वाटतं ना सगळ्यांना? पोरंबी येत्यात — काका, मी महाराक्षस काढलाय, बळ शंभर, चपळाई शंभर, मंत्र शंभर. मंग खेळायचं कशाला, बाळा? घरी जा, झोप. ती परदेशी पैलवानांची कार्डं निघाल्यात ना, त्यात तेच हाय, एक भारी पैलवान हातात आला की समोरचा गार. डोकं लावायचं कामच न्हाई. माज्याकडं तसं चालत न्हाई. वेताळाला बळ नऊ दिलं ना, मंग चपळाई दोनच. अन् खाली बारीक अक्षरात कमजोरी — कोंबडा आरवला की पडतो. मुंजा बघा, चपळाई नऊ, पन पिंपळापासून लांब जाता येत न्हाई. एका हातानं द्यायचं, दुसऱ्या हातानं काढून घ्यायचं, ह्याला म्हनत्यात तोल. ज्याला कमजोरी न्हाई ते कार्डच न्हाई. लग्न झालं त्याच वर्सी शिकवलं मी हे तुमच्या बहिनीला. शिकवलं म्हंजी — ती रंग भरायला बसायची ना शेजारी. मुंज्याचा पिंपळ तिनंच सुचवला. सुचवला म्हंजी काय, भाकरी थापता थापता बोलली, मी लिवून घेतलं. त्यात काय एवढं!

या ताई, फोटो बघा, किचेन बघा — व्हय व्हय, दार न्हाईच, आमच्या गावात कुनाच्याच घराला-दुकानाला न्हाई. रातीबी असंच उघडं. कुत्रं शिरू नये म्हनून एक फळी आडवी लावायची, बास. अहो, दिवसदिवस दुकान टाकून जातो मी, काडी हालत न्हाई इथली. देवाचं गाव हाय. — गेल्या. घ्यायचं काय न्हाई, नुसतं चौकश्या करायच्या. घरी चार चार कुलपं लावून येत्यात अन् इथं येऊन आमाला इचारत्यात भ्या वाटत न्हाई का.

तर ह्या असल्या लोकांवरूनच मला ते कार्ड सुचलं. बिनदाराचं घर. माजं सगळ्यात भारी कार्ड. घराला सोताचं बळ शून्य, पन त्यात जो जाऊन बसंल त्याला कुनी मारू शकत न्हाई. मंग कमजोरी काय? तर दार न्हाई, म्हनून आत कुनीबी येऊ शकतं. बघा कसं तोलून धरलंय! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नगरचे काकासाहेब आले हुते, स्टेशनरीचे मोठे व्यापारी. खेळ पटला तर जिल्हाभर दुकानांत ठिवतो म्हनले. मी म्हनलं, एक डाव दाखवतो. समोर बसायला कुनी नव्हतं, म्हनून तुमच्या बहिनीला बसवलं. नुसतं बसायचं, अन् हारायचं, एवढंच काम. तर तिनं काय करावं? बिनदाराच्या घरात पाव्हना नेऊन बसवला! पाव्हना म्हंजी सगळ्यात फालतू कार्ड, मी आपलं पोरांना हसायला काढलेलं. बळ एक. दर खेपेला जेवतो अन् बळ एकानं वाढतं. बाहेर असला तर दोन घास खायच्या आत मरतो. पन घरात त्याला मारता येत न्हाई, अन् घरातून त्याला घालवायचं कसं, ते मी लिवलंच नव्हतं. लिवनार कसं? आपल्याकडं ताटावर बसलेल्या पाव्हन्याला कुनी ऊठ म्हनतं का? माज्या डोक्यातच न्हाई आलं ते! हा बसलाय, जेवतोय, फुगतोय. माजा वेताळ आत गेला, तर तोबी नुसता बघून बाहेर आला. अन् पाव्हन्याचं बळ वेताळाच्या वर गेलं तसं तुमच्या बहिनीनं त्याला गुमान उठवला अन् माजा वेताळ आडवा केला.

काकासाहेब हे असं पोट धरून हसले. मी तिथल्या तिथं नियम सांगितला, पाव्हना तीन खेपांच्या वर ऱ्हात न्हाई. चुकीचं काय हाय त्यात? खेळ माजा, नियम मी लावनार. तर ही म्हनती, "नवा नियम पुढच्या डावाला. हा डाव माजा." परक्या मानसासमोर! मी म्हनलं, हा डाव धरायचा न्हाई, अन् कार्डं गोळा केली. तर काकासाहेब चप्पल घालता घालता मला म्हनत्यात, राधाकृष्ण, आधी सगळी कार्डं बाईंच्या नजरेखालून घाल, मंग ये माज्याकडं. — ऱ्हाऊ द्या, हे तुमाला कशाला सांगतोय मी. वह्या-पेन्सिली इकनारा मानूस, त्याला काय कळतंय? अन् त्यांची पाठ फिरल्यावर हिचं पुन्ना तेच. "हारला तर हारलो म्हना, एवढंच." एवढंच! मी म्हनलं, घर माजं, खेळ माजा, अन् पटत नसंल तर इथं दार न्हाई, जायला कुनी आडवलंय? रागात बोलतो मानूस. कोन बोलत न्हाई? तिनं गप पिशवी भरली. अन् खरंच कुनी आडवलं न्हाई. मी... मी गिऱ्हाईक बघत हुतो. गर्दी हुती.

अन् आता हे पाठवलंय. नाव बघा, 'गेलेली'. चित्र बघा, पाठमोरी बाई, हातात पिशवी. तोंड काढता येत न्हाई म्हनून पाठमोरी, दुसरं काय! पदर तेवढा बरा काढलाय. अन् आकडे? बळ चार, चपळाई तीन, मंत्र दोन. आता हसावं का रडावं? जिनं वेताळ लोळवला तिला बळ चार? मी काढलं असतं तर आठ दिलं असतं. आठ काय, नऊ. सोताचं कार्ड सोताला तोलता येत न्हाई अन् चालली मला शिकवायला! अन् हा नियम वाचा, मोठ्यानं वाचा — 'ज्याने घर बनवले त्याने स्वतः येऊन हरलो म्हटल्याशिवाय ही डावात परत येत नाही.' बघा! बनवनाऱ्यालाच डावात ओढलाय. अहो, बनवनारा डावात नसतो! तो बाहेर बसून तोल बघतो. त्याचं कार्ड नसतं, त्याला बळ नसतं, त्याला कमजोरी नसती... काय? असं काय बघताय माज्याकडं? मी खेळाचं बोलतोय.

अन् मी येऊ कसा? तुमीच सांगा. दुकान टाकून येऊ? शनवार तोंडावर आलाय, माल लावायचाय, माळा आनायच्यात. तिला म्हनावं, गप ये, कुनी काय बोलनार न्हाई. एस्टी हाय, तुमची गाडी हाय. अन् ही एवढी हुशार, तर सगळ्यात मोठी चूक तिनंच केलीय — कमजोरीच लिवली न्हाई! एवढी वर्सं शेजारी बसून हेच शिकली? कमजोरी न्हाई ते कार्डच न्हाई. संपलं. हे घ्या, न्या परत अन् सांगा तिला, दाजींनी बाद केलं. — काय? कुटं लिवलीय? अंगठा? माज्या अंगठ्याखाली काय असनार हाय...

'कमजोरी — वाट बघते.'

ही... ही काय कमजोरी झाली? एवढी मोठी कमजोरी लिवत्यात का कुनी? ह्यानं तर कार्ड मरतं, सोपानराव. समोरच्यानं हात हालवायची गरज न्हाई. नुसतं गेलंच न्हाई तरी मरतं. मी सांगितलं हुतं तिला, कमजोरी लिवायची, पन जीव जाईल अशी न्हाई लिवायची. अक्कल न्हाई. माधुरीला अजिबात अक्कल न्हाई.

अन् तुमी काय बसून ऱ्हायलाय? चहा ऱ्हाऊ द्या तो, गार झाला. उठा. गाडी काढा. — दुकान? दुकानाला काय झालं? ती फळी आडवी लावा तेवढी. न्हाई, कार्ड न्हाई देनार, माज्या खिशात ऱ्हाऊ द्या. अन् एक सांगून ठिवतो, तिसगावापोतर माज्याशी एक शब्द बोलायचा न्हाई. काढा म्हनलं ना गाडी!