नाव नव्हतं टाकलं

अशील : नाव नव्हतं टाकलं, हे तुम्ही तिसऱ्यांदा सांगताय मॅडम.

वकीलबाई : चेहराही झाकला होता.

अशील : माझा झाकलात. मागची पाटी? माझ्या शिवणाच्या दुकानाची, फोन नंबरासकट.

वकीलबाई : लक्षातच आलं नाही. मुलींचा ताबा तुम्हाला मिळाला, त्या आनंदात...

अशील : उसवलेला कोट घेऊन आलात, फोटो काढलात. मला वाटलं, आठवणीला असेल. दोन वर्षं नवऱ्याला पत्ता लागू दिला नव्हता मी. सोमवारी तुम्ही फोटो टाकलात, बुधवारी दुपारी हा दुकानात हजर. धाकटी मशीनखाली जाऊन बसली.

वकीलबाई : हात उचलला?

अशील : नाही. स्टुलावर बसला. म्हणाला, छान चाललंय की तुझं.

वकीलबाई : मी लगेच काढून टाकली पोस्ट.

अशील : तोवर नणंदेपर्यंत पोचली होती. आता मुली बहिणीकडे, दुकानाला कुलूप.

(वकीलबाई एक कागद पुढे सरकवतात.)

अशील : हे काय आणखी?

वकीलबाई : त्याच्या वकिलाचा अर्ज. बंद दाराआडची केस तुम्ही चव्हाट्यावर आणलीत, म्हणून ताब्याचा पुन्हा विचार करा, असं म्हणतोय.

अशील : मी आणली?

वकीलबाई : म्हणून मी प्रतिज्ञापत्र करतेय. पोस्ट माझी, तुम्हाला न विचारता टाकली.

अशील : मग तुमचं काय?

वकीलबाई : चौकशी होईल. सनद जाईलही काही महिने. जाऊ दे.

अशील : फोटोखाली काय लिहिलं होतं हो? मी वाचलंच नाही.

वकीलबाई : ‘एका आईला न्याय मिळाला.’

अशील : हं. किती जणांना आवडलं?

वकीलबाई : नका विचारू.

अशील : बरं. सही कुठे करू?

वकीलबाई : सही माझीच लागते. पण... मीच साक्षीदार झाले, की तुमची केस मला चालवता येणार नाही. एक चांगल्या बाई आहेत, मी बोललेय त्यांच्याशी. सगळी फाइल देते त्यांना.

अशील : फाइल द्याल हो. पण त्या बाई खुर्ची पुढे ओढून म्हणतीलच ना, ‘हं, आता पहिल्यापासून सांगा.’